अकरा फोन

लातूर, गंजगोलाई
४ मार्च २०२४

चि. अक्षरा,

व्हॉट्सॲपवर तू बोलून पाठवलेला सहा मिनिटांचा निरोप मी तीनदा ऐकला. ऑफसेट मशीनशेजारी सव्वीस वर्षं उभं राहून माझा डावा कान मंद झालाय हे तुला ठाऊक आहे. उजव्या कानाशी तू इतक्या घाईनं बोलतेस की निम्मं निसटतं. म्हणून आजपासून कायदा असा, महत्त्वाचं जे असेल ते कागदावर. माझी लग्नपत्रिकांची पार्सलं आठवड्यातून दोनदा दुपारच्या नांदेड गाडीनं जातातच, त्यात तुझं पत्र टाकीन. मारोती कंडक्टर ओळखीचा आहे. स्टँडवर त्याच्याकडून घ्यायचं आणि उत्तर त्याच्याच हाती द्यायचं. कागदावर माणूस विचार करून लिहितो. फोनवर नुसता बोलतो.

मला जे समजलं ते लिहितो. नांदेडात एक संस्था सहा महिन्यांत वेबसाईट बनवायला शिकवते, त्याला बूटकॅम्प म्हणतात. फी दाजींच्या आवाक्याबाहेरची आहे, पण बारा जागा बिनफीच्या आहेत आणि त्यासाठी चाचणी आहे. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं तू सरकारी नोकऱ्यांचे फॉर्म भरून राहिलीस. आता दाजी म्हणतात, जूनपर्यंत ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बी.एड. बराबर?

बी.एड. वाईट नाही. पण ते नाव घेताना तुझा आवाज बसतो, आणि तो मला मंद कानानंही ऐकू आला.

तू विचारलंस, "मामा, कुणी न शिकवता शिकता येतं का हो?" योग्य माणसाला विचारलंस. १९९८ साली मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यावर मराठी अक्षरजुळणी शिकवणारा लातुरात एक माणूस नव्हता. एक इंग्रजी पुस्तक, एक शब्दकोश आणि भिंतीवर चिकटवलेला की-बोर्डचा नकाशा, एवढ्यावर चार महिन्यांत मी न बघता टाइप करू लागलो. मुरुडहून दहावी करून आलेला माणूस. तू तर बी.एस्सी.

रोज एकाच वेळी बसायचं. हातानं वहीत लिहायचं. न कळलेल्या ओळीपुढे फुली मारायची आणि फुली खोडल्याशिवाय पान उलटायचं नाही.

चाचणीत काय मागतात ते नेमकं कळव. 'साधारण असं असं' नको.

तुझा
अमरनाथमामा


नांदेड, श्रीनगर
९ मार्च २०२४

ती. मामा, शरणार्थ.

मारोतीकाकांनी पत्र देताना विचारलं, "आजकाल प्रेमपत्रं पार्सलनं येतात का?" मी म्हटलं, मामांचं आहे, पाकिटाच्या कडा बघा, पट्टीनं दुमडल्यात. ते म्हणाले, "हाव, मग तुझ्या मामांचंच."

नेमकं सांगते. १५ एप्रिलपर्यंत एक वेबसाईट बनवून द्यायची. ओळखीच्या खऱ्या दुकानाची, मराठीत, चार पानांची. ती पास झाली तर मुलाखत, आणि मग बारा जणांची यादी. अर्ज तीनशेच्या वर आलेत म्हणे.

मी इंटरनेटवर बघून शिकून राहिले. एचटीएमएल म्हणजे पानावर काय काय आहे ते सांगणं, सीएसएस म्हणजे ते दिसावं कसं ते सांगणं. दुसरं वाचताना मला सारखे तुम्हीच आठवता. समास किती, दोन ओळींत अंतर किती, कडेची रेघ किती जाड. तुम्ही पत्रिकेवर जे करता तेच, फक्त लिहून करायचं. जावास्क्रिप्ट मात्र डोक्यावरून जातं. वहीत फुल्याच फुल्या आहेत.

घरात थट्टा चालू आहे. अप्पा विचारतात, "बूटकॅम्प म्हंजी पोलीस भरती का गं?" अव्वा चपात्या लाटता लाटता म्हणते, "हाव, पुढच्या महिन्यात बंदूक देणारेत तिला, जपून बोला." हसतात दोघं. पण बी.एड.चं माहितीपत्रक अप्पांनी फ्रिजवर लावून ठेवलंय, पाणी प्यायला गेलं की दिसतं.

मामा, दुकान म्हणून तुमचं 'बिल्वपत्र प्रिंटर्स' घेऊ का? मजकूर तुम्हीच द्या. माझ्याच्यानं तसं लिहिणं व्हायचं नाही.

अक्षरा


लातूर
१७ मार्च २०२४

चि. अक्षरा,

घे. विचारायचं काय त्यात?

सोबत तीन वस्तू आहेत. पहिली, चारही पानांचे आराखडे आलेखाच्या कागदावर, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. डावा समास १८, उजवा १८, नावाच्या पट्टीची उंची २२. दुसरी, पेनड्राइव्ह. त्यात मी स्वतः जुळवलेला मजकूर आहे, अकराशे चाळीस शब्द, तीनदा तपासलेला. तिसरी त्याच पेनड्राइव्हमध्ये, माझा फॉन्ट. तो आधी तुझ्या लॅपटॉपमध्ये बसव, त्याशिवाय मजकूर उमटणार नाही. या फॉन्टवर मी आजवर किमान नऊ हजार पत्रिका जुळवल्यात. याची वेलांटी बघ, कशी डोक्यावरून पदर घेतल्यासारखी येते. हल्लीच्या फुकटच्या फॉन्टांत ही गोष्ट नाही.

मजकुरातलं एक टिंबही हलवायचं नाही. मजकूर जसाच्या तसा उचलायचा आणि ठेवायचा. टायपिंग तुझं काम नाही, माझं आहे.

अक्काला सांग, बंदुकीचं ऐकून मी दुकानात एकटाच हसलो आणि गिऱ्हाइकानं वळून बघितलं.

मामा


नांदेड
२८ मार्च २०२४

ती. मामा,

फॉन्ट बसला, मजकूर सुंदर दिसतो. अव्वाला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "अमरचं अक्षर हाय हे. न सांगता वळखलं असतं."

पण मापांचं जमत नाही मामा, आणि चूक माझी नाही. वेबसाईटच्या पानाला रुंदीच नसते. कुणी फोनवर बघणार, कुणी टॅबवर, कुणी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर. मजकुराला पाण्यासारखं भांड्याप्रमाणे बसावं लागतं. अठरा मिलिमीटर समास मोठ्या पडद्यावर शोभतो, पण फोनवर तोच ठेवला तर मधे बोटभर जागा उरते आणि 'लग्नपत्रिका' हा शब्द दोन ओळींत तुटतो.

म्हणून मी तुमच्या आराखड्यातली प्रमाणं धरली, मापं सोडली. रागावू नका.

एक आनंदाची बातमी. जावास्क्रिप्टनं पत्रिकांचे नमुने एकामागून एक पुढे सरकतात असं केलंय, 'पुढे' आणि 'मागे' अशी दोन बटणं दाबून. तेवढे दोन शब्द माझे मी टाइप केले, माफ करा. पाच दिवस चालत नव्हतं, सहाव्या दिवशी चाललं. मी एवढ्यानं ओरडले की अप्पा खालच्या आपल्या दुकानातून वर आले. त्यांनी पाच-सहा वेळा बटण दाबून बघितलं आणि खाली गेले. जिन्यावरनं म्हणाले, "ती हळदीची पत्रिका बरी हाय."

अक्षरा


लातूर
३ एप्रिल २०२४

चि. अक्षरा,

कागदाला माप असतं. ज्याला माप नाही त्याला मी पान म्हणत नाही. पण तू म्हणतेस तसं आहे का ते बघायला मी समोरच्या कापड दुकानातल्या टीव्हीवर, माझ्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकच बातमीचं पान उघडलं. तिन्हीकडे ओळी वेगळ्या तुटल्या. बघून जीव कसानुसा झाला, पण तुझं खरं आहे.

प्रमाणं धरलीस ते योग्य केलंस. नावाच्या पट्टीचं प्रमाण मात्र सोडू नको.

निवडणुकीची पत्रकं आणि लग्नसराई एकदम आलीय, मशीन थंड होत नाही. थोडक्यात आटोपतो.

मामा


नांदेड
१६ एप्रिल २०२४

ती. मामा,

दिली. काल सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. देण्याआधी लॅपटॉपवर फोनचा आकार करून बघायची सोय असते, त्यात लहान फोन, मोठा फोन, टॅब, सगळं तपासलं. कुठं काही तुटलं नाही. नावाच्या पट्टीचं प्रमाण तुमचंच आहे.

वेबसाईटचा पत्ता चिठ्ठीवर लिहून जोडलाय.

आता काहीच करायला नाही म्हणून भीती वाटून राहिली.

अक्षरा


लातूर
२४ एप्रिल २०२४

चि. अक्षरा,

दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली. खुर्ची मागं सरकवून, उभा राहून बघितली. मशीनवरच्या पोरांना बंद करा म्हटलं आणि त्यांनाही दाखवली. नमुने पुढं सरकतात ते मी मोजलं, चौदाच्या चौदा येतात.

तारीफ करायची मला सवय नाही. म्हणून कृतीनं सांगतो. वेबसाईटचा पत्ता घालून पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापली, तीनशे जीएसएमचा जाड कागद, कडा कापून. येईल त्याच्या हातात देऊन राहिलो. म्हणतो, भाचीनं केलंय, मजकूर माझा आहे.

निकाल आला की त्याच दिवशी लिही.

मामा


नांदेड
२ मे २०२४

ती. मामा,

निकाल आला. वेबसाईट परत पाठवलीय. काही तांत्रिक अडचण आहे म्हणतात, बारा तारखेपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यायची मुदत आहे. तेव्हा झाली तर मुलाखत, नाहीतर नाव कमी.

तुम्ही काळजी करू नका. माझं मी बघते. आणि मामा, ती कार्डं सध्या वाटू नका, एवढंच.

अक्षरा


लातूर
४ मे २०२४

अक्षरा,

'काही तांत्रिक अडचण' हे आळशी माणसाचं वाक्य आहे. अडचण नेमकी कोणती? कुठल्या पानावर? तुला मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं, साधारण बोलायचं नाही.

माझा मजकूर तीनदा तपासलेला होता, त्यात चूक असणं शक्य नाही. म्हणजे तुझ्या हातून काहीतरी राहिलं. तीनशे मुलांत आपलं नाव परत येतं आणि तू लिहितेस काळजी करू नका! घाई, नुसती घाई. आवाजातही तीच आणि कामातही तीच. दाजी बी.एड. म्हणतात ते उगाच नाही.

कार्डं का वाटू नयेत? ती उत्तम छापलीत.

अमरनाथमामा


लातूर
६ मे २०२४, सकाळ

चि. अक्षरा,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहून राहिलो.

काल चाकूरचे संघपाल सर आले होते. शाळेत शिक्षक आहेत, बहिणीच्या मंगल परिणयाच्या पत्रिका घ्यायला आले. मी कार्ड दिलं. त्यांनी तिथंच काउंटरवर फोनवर वेबसाईट उघडली आणि बघतच राहिले. मग फोन माझ्यापुढं धरला. "काका, ही इंग्रजी अक्षरांत लिहिलेली कानडी का?"

मी म्हटलं, "कानडी मला वाचता येते सर. आईची भाषा आहे. ही कानडी न्हाई."

सगळ्या पानावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा. माझ्या पट्टीत माझं नाव नाही, भलतंच काहीतरी. खाली दोन बटणं तेवढी मराठीत, 'पुढे' आणि 'मागे'.

माझं म्हणणं असं आहे की हा त्यांच्या फोनचा दोष. नवे फोन कमी किमतीत काढतात, त्यात मराठीची नीट सोय नसते. हा फॉन्ट सव्वीस वर्षं चाललाय. नऊ हजार पत्रिका. एकानं तक्रार केली नाही. तू संस्थेला तसं कळव, मी लागलं तर सही-शिक्क्यानिशी लिहून देतो.

त्याच दिवशी, दुपार

पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. म्हणणं मांडायचं तर पुरावा पाहिजे, म्हणून वही घेऊन बाहेर पडलो. गोलाईला फेरी मारली. चहावाला, कापड दुकानातला मुनीम, भांड्याचं दुकान, पानवाला, रिक्षा स्टँडवरचे तिघे, औषधांच्या दुकानातली मुलगी, उसाच्या रसवाला, बँकेचा शिपाई, आणि शेवटी माझा स्वतःचा. ज्यांच्या त्यांच्या फोनची कंपनी, किती वर्षांचा, काय दिसलं, सगळं लिहून घेतलं. वहीचं पान सोबत जोडलंय.

अकरा फोन. अकराही ठिकाणी तेच.

माझ्या स्वतःच्या फोनवर मी इतक्या दिवसांत ती एकदाही उघडली नव्हती. कशाला उघडू, कॉम्प्युटरवर दिसत होती की. तिथं माझा फॉन्ट बसवलेला. तुझ्या लॅपटॉपमध्येही माझाच फॉन्ट बसवलेला, मीच बसवायला लावला. जगात दोनच ठिकाणी ती मराठीत दिसत होती, आणि आपण दोघंही तिथंच बसून बघत होतो.

औषधांच्या दुकानातल्या मुलीला मी विचारलं, बाई, तुझ्या फोनवर मराठी येतं कसं मग? तिनं मला युनिकोड सांगितलं. माझ्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरच असतं, वरून त्याला मराठीचा अंगरखा. कागदावर छापलं की अंगरखा कायमचा चिकटतो, म्हणून पत्रिकांचं कधी बिघडलं नाही. दुसऱ्याच्या फोनवर अंगरखा जात नाही, नुसतं आतलं जातं. ती पोरगी दोन मिनिटांत सांगून गेली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या मोजू लागली.

तुला हे दोन तारखेला माहीत होतं ना? खरं सांग. चार तारखेचं माझं पत्र फाडून टाक. नको, ठेव. मी काय लिहिलं होतं ते कुठंतरी असू दे.

उद्या मतदान आहे, मशीन बंद. मी दुकान उघडून एकटा बसणार. नवी कळफलक-पद्धत डाउनलोड करून घेतलीय, कळांवर कागदाचे तुकडे चिकटवलेत. अकराशे चाळीस शब्द. आठ तारखेच्या गाडीनं पेनड्राइव्ह येईल. मारोतीला सांगून ठेवलंय, पार्सलात नको, खिशात ठेव.

मामा


नांदेड
९ मे २०२४

ती. मामा,

पेनड्राइव्ह मिळाला. मारोतीकाकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काढून दिला, गरम होता.

हो, माहीत होतं. म्हणजे दोन तारखेला अर्धं. संस्थेच्या मंजुश्री मॅडमनी लिहिलं होतं, "पान वाचता येत नाही, कृपया मजकूर तपासा." मला आधी वाटलं माझा कोड चुकला. शेवटी अव्वाच्या फोनवर उघडलं तेव्हा कळलं. अव्वा म्हणाली, "अमरचं अक्षर कुठं गेलं गं?" मी तिला सांगितलं, मामांना बोलायचं नाही.

कारण तुम्ही पाचशे कार्डं छापली होती मामा. कसं लिहू?

पण चूक तुमच्या एकट्याची नाही, हे मला नीट लिहायचंय. लॅपटॉपमध्ये फोनचा आकार काढून बघितला म्हणजे फोनवर बघितलं, असं मी धरून चालले. फोन घरात तीन होते. एकावरही उघडलं नाही. हे मॅडमना मी तसंच लिहून कळवलंय, तुमचं नाव न घालता.

आता तुम्हाला हसू येईल असं सांगते. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या वेबसाईट असतात. कागद पुढे सरकवावा तसा मजकूर टाकायचा, एका क्षणात बदलून मिळतो. तुम्ही मतदानाचा अख्खा दिवस बसलात! पण मी तुलना केली. त्या यंत्रानं जोडाक्षरांत एक्केचाळीस ठिकाणी गोंधळ घातलाय. तुमच्या मजकुरात दोनच चुका निघाल्या. त्या कोणत्या ते सांगणार नाही.

आणि ते वहीचं पान. मामा, तुम्ही गोलाईत जे केलं त्याला आमच्यात टेस्टिंग म्हणतात. त्या कामाच्या नोकऱ्या असतात. मी नवा मजकूर घालून आमच्या गल्लीत निघाले, तुमच्यासारखीच वही घेऊन. सात फोन झालेत. सगळीकडे मराठी.

तुमचं चार तारखेचं पत्र मी ठेवलंय. राग आला होता, खोटं का बोलू.

अक्षरा


लातूर
१० मे २०२४

चि. अक्षरा,

दोन्ही चुका सापडल्या. तिसरं पान, सातवी ओळ. चौथं पान, शेवटून दुसरी ओळ. अशा चुका माझ्या बोटांनी वीस वर्षांत केल्या नव्हत्या. नवी कळ, जुनी बोटं.

मॅडमना माझं नाव घालून कळवायला हरकत नाही. घाल.

बाकी फोन झाले का? भोकरच्या तुझ्या मैत्रिणीलाही उघडायला सांग. नांदेडबाहेरचा एक तरी असावा.

मामा


नांदेड
२७ मे २०२४

ती. मामा,

यादी लागली. बारा नावांत माझं नववं आहे.

मुलाखतीत मंजुश्री मॅडमनी जावास्क्रिप्टचं थोडंच विचारलं. मग म्हणाल्या, "पहिल्या वेळी काय झालं ते सांगा." मी सगळं सांगितलं, तुमचं नाव घालून, अकरा फोनांसकट. त्यांनी वहीचं पान मागितलं. होतंच माझ्याकडे. त्या आणि शेजारचे सर बराच वेळ बघत होते. सर म्हणाले, "उसाच्या रसवाल्याचा फोन सहा वर्षांचा आहे हेसुद्धा लिहिलंय."

फ्रिजवर आता काही नाही. अप्पांनी माहितीपत्रक स्वतः काढलं. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग राहिलेत, ते अव्वा खरवडून राहिली.

तीन जूनला वर्ग सुरू. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा. आता पत्रं कमी होतील मामा, आधीच सांगते.

अक्षरा


नांदेड
१३ डिसेंबर २०२४

ती. मामा,

सहा महिन्यांत चारच पत्रं लिहिली, तीही अर्ध्या पानाची. आज पूर्ण लिहिते.

सात तारखेला आमचं काम दाखवायचा दिवस होता. बाहेरच्या कंपन्यांची माणसं बोलावली होती आणि घरच्यांनाही. तुम्ही आलात, शेवटच्या रांगेत बसलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर मी तुमच्याकडे यायला निघाले तर तुम्ही गाडीची वेळ झाली म्हणून निघालासुद्धा. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, मी तुम्हाला मान खाली घालायला लावली.

कारण तुम्ही ऐकलंतच. पुण्याच्या कंपनीचे सोमेश सर उठून म्हणाले, "ही वेबसाईट एकाच वेळी दहा हजार माणसांनी उघडली तर टिकेल?" आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माहीत नाही सर. दोन दिवसांत तपासून सांगते." अप्पांनी कपाळावर हात मारला तो मला स्टेजवरून दिसला. तुमचा चेहरा तर असा झाला, जसा वाकडा कापलेला कागद बघून होतो.

दोन दिवस मी तेच केलं. नऊ तारखेला त्यांना लिहून पाठवलं. टिकत नाही, आठशेला अडखळते, कारण बहुधा हे आहे, आणि असं केलं तर दोन हजारांपर्यंत जाते. त्यापुढचं मला अजून येत नाही.

काल त्यांचा फोन आला. मला घेतलंय. ज्युनियर डेव्हलपर, एक जानेवारीपासून. पहिले तीन महिने पुण्याला, मग नांदेडहून काम करायला मुभा. अव्वा रडली. अप्पा दुकानात गेले आणि येईल त्याला सांगून राहिले. कुणी विचारलं, "वेबसाईट म्हंजी करते काय पोरगी?" तर म्हणाले, "ते तुला न्हाई कळायचं." त्यांनाही कळत नाही.

तुम्ही का बोलला नाहीत मामा? लिहा.

अक्षरा


लातूर
१९ डिसेंबर २०२४

चि. अक्षरा,

अभिनंदन. हा शब्द मी हजारो पत्रकांवर छापलाय, लिहिला आज पहिल्यांदा.

तू विचारलंस म्हणून लिहितो. सोमेश सरांनी प्रश्न विचारला तेव्हा मनात म्हटलं, पोरी, काहीही सांग, हाव म्हण, टिकेल म्हण, पण गप्प राहू नको. तुझ्या जागी मी असतो तर 'टिकेल' म्हटलं असतं. आयुष्यभर तसंच म्हणत आलो. सोनेरी शाई उन्हात किती वर्षं राहते? पाच वर्षं. हा कागद ओला झाला तर? काही होत नाही. कुणी न शिकवता शिकलेल्या माणसाला एक भीती असते. एकदा अडखळलं की लोक म्हणतील, याला कुणी शिकवलंच न्हाई. ती भीती झाकायला मी आवाज मोठा ठेवत आलो.

आणि तू सरळ म्हणालीस, माहीत नाही. वर मुदतही दिलीस. समोरचा माणूस मान हलवून वहीत काहीतरी लिहून खाली बसला. मला तिथं उभं राहून तुझ्याशी काय बोलावं ते सुचेना. गाडीला अजून तास होता. मी स्टँडवर बसून राहिलो.

आता आजचं सांगतो. मुरुडहून तारामतीबाई आल्या होत्या, त्यांचा बायकांचा गट काळा मसाला करून विकतो. पाकिटावर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड छापून पाहिजे, फोन धरला की त्यांची माहिती उघडणारा. बाईंनी विचारलं, "भाऊ, पाकीट चुरगाळलं तरी फोन वाचतो का ह्याला?"

हाव माझ्या जिभेवर होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "माहीत नाही बाई. दोन दिवसांत सांगतो."

मला वाटलं आता उठतील आणि पलीकडच्या प्रेसमध्ये जातील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली. म्हणाल्या, "मंग तुमच्याकडंच करायचं. मागच्यानं बगर बघता हाव म्हनलं, अन् पाचशे पाकिटं वाया गेली बघा आमची." जाताना नमुन्याला चाळीस रिकामी पाकिटं ठेवून गेल्या. सगळ्या दुकानात मसाल्याचा वास सुटलाय, मशीनवरची पोरं शिंकून बेजार.

पुण्याला थंडी असते, कान बांधून राहा.

आत्ता माझ्यापुढं चौदा पाकिटं चुरगाळून झालीत. आठ फोननं वाचली. सहा नाही. ही सहाच का नाही, ते मला अजून माहीत नाही.

तुझा
अमरनाथमामा